आधी पोच घ्या: रोजच्या कामांत संविधानातले हक्क कसे वापरायचे

वडील गेले त्या वर्षी वारस नोंदीचा अर्ज मी स्वतः नेऊन दिला होता. टेबलावरच्या गृहस्थांनी कागद चाळले, "ठेवून जा, होऊन जाईल" म्हणाले. मी ठेवून आलो. तीन महिन्यांनी चौकशीला गेलो तर अर्ज सापडेना. "कधी दिला होता? कुणाच्या हातात दिला?" मला दिवस आठवत होता, माणूस आठवत होता, पण हातात काहीच नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा झेरॉक्स, पुन्हा आईला रिक्षातून घेऊन हेलपाटे. सातबाऱ्यावर आमची नावं चढायला दीड वर्ष गेलं, आणि त्यातलं निम्मं तरी एका शिक्क्यावाचून गेलं.

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी पंचवटीतल्या आमच्या ओसरीवर मी लोकांना अर्ज लिहून देतो. सोमवारी कचेऱ्या उघडतात, म्हणून शनिवारी गर्दी असते. रेशनवाले, पेन्शनवाले, हातगाडीवाले, पेठ-सुरगाण्याहून नातेवाइकांकडे मुक्कामाला आलेले वनजमिनीचे दावेदार. आपण संविधानातला हक्क मागतोय असं यातल्या फारच थोड्यांना वाटतं. बाकीच्यांना वाटतं, आपलं काम अडलंय आणि कुणाच्या तरी हातापाया पडावं लागणार. पण बहुतेक अडलेल्या कामांच्या मुळाशी एखादं कलम असतंच. ते ओळखायचं, त्याचा कायदा धरायचा, बरोबर टेबलावर कागद द्यायचा, पोच घ्यायची आणि तारखा मोजायच्या. याच क्रमानं पुढे लिहितो.

तक्रार कोणत्या हक्काची, ते आधी ठरवा

आमच्या घरापासून काळाराम मंदिर चालत दहा मिनिटांवर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो बायामाणसं या मंदिराच्या दारांशी येऊन उभी राहिली. दारं बंद ठेवली गेली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. मग २६ जानेवारी १९५० ला संविधान अमलात आलं. त्यातलं कलम १५(२) मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर गोदाघाट येतो. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते वापरायला अडवता येणार नाही, असं ते सांगतं. देशाच्या सर्वोच्च कायद्यात ‘घाट’ हा शब्द घालावा लागला. आज रामकुंडावर कुणीही उतरतं आणि कुणी कुणाला जात विचारत नाही, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे उन्हात बसलेली माणसं होती हे विसरायला होतं.

मूलभूत हक्क संविधानाच्या तिसऱ्या भागात आहेत. रोजच्या कामाला लागणारी कलमं मोजकीच आहेत आणि ती तोंडपाठ होतात. एकाला एक वागणूक आणि दुसऱ्याला दुसरी मिळाली, तर कलम १४. बोलणं, शांततेनं जमणं, फिरणं, धंदा करणं हे सगळं १९ मध्ये. जगणं आणि व्यक्तिस्वातंत्र्य २१ मध्ये. आणि उपजीविका, आरोग्य, सन्मान या गोष्टी न्यायालयांनी याच २१ मध्ये वाचल्या आहेत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण २१-अ मध्ये. अटक झाली तर २२. वेठबिगारी २३. मालमत्ता आता मूलभूत हक्क नाही, पण कलम ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय ती कुणाकडून काढून घेता येत नाही.

इथे लोकांची एक गल्लत नेहमी होते. हे हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध आहेत: महापालिका, जिल्हा परिषद, पोलिस, सरकारी मंडळं. शेजाऱ्याशी भांडण झालं की कलम १४ चालत नाही, त्याला दिवाणी किंवा फौजदारी कायदा लागतो. मात्र १५(२), अस्पृश्यता बंद करणारं १७, वेठबिगारी रोखणारं २३ आणि धोक्याच्या कामातल्या बालमजुरीविरुद्धचं २४ ही कलमं खासगी माणसालाही बांधून ठेवतात. द्राक्षबागेत किंवा कांद्याच्या खळ्यावर किमान वेतनाहून कमी मजुरी देऊन राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये एशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या, बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटलंय. निफाड-दिंडोरीकडच्या मजुरांना मी हे आवर्जून सांगतो.

जातपंचायतीनं वाळीत टाकलं असेल तर महाराष्ट्रात त्याचा स्वतंत्र कायदा आहे, २०१६ चा. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तरीही घर भाड्यानं देताना आडनाव विचारणाऱ्या मालकापुढे संविधान अजून तोकडं पडतं, हे मला मान्य करावं लागतं. १५(२) मध्ये दुकान आहे, विहीर आहे, भाड्याचं घर नाही. ही उणीव मला फार सलते.

बरोबर टेबल शोधा

निम्मे हेलपाटे चुकीच्या कचेरीत होतात. नाशिक महापालिकेचं मुख्यालय शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात आहे, पण नागरिकांची बरीचशी कामं विभागीय कार्यालयांत होतात: पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. जमिनीच्या नोंदींची साखळी वेगळी. तलाठी, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकारी, मग मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत आणि वर जिल्हाधिकारी. पोलिसांचंही तसंच. शहरासाठी पोलिस आयुक्तालय आहे, तर ओझर, सिन्नर, येवला, मालेगाव अशा बाकीच्या जिल्ह्यासाठी ग्रामीण पोलिस अधीक्षक. ओझरची तक्रार शहर आयुक्तांकडे देऊन दोन महिने वाट बघणारी माणसं माझ्या ओसरीवर आली आहेत.

माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कचेरीत गेलाच, तर तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. इतर अर्जांना अशी सोय गृहीत धरू नका.

अर्ज कसा लिहायचा

आपल्याकडे अर्जात विनवण्या फार असतात. "मी गरीब आहे, कृपा करून, आपला आभारी राहीन." मी त्या कापतो. लोकांना सुरुवातीला भीती वाटते, साहेब रागावतील. रागावत नाहीत; उलट नेमका अर्ज वाचायला त्यांनाही सोपा जातो.

अर्ज एका पानाचा असावा. वर पदनाम, त्याखाली विषय एका ओळीत. पहिल्या परिच्छेदात काय झालं ते तारखांसह. दुसऱ्यात कोणत्या कायद्यानं मला हे मिळायला हवं ते. तिसऱ्यात नेमकी मागणी. मागणी एकच ठेवा. शेवटी जोडलेल्या कागदांची यादी, सही, मोबाइल नंबर, पत्ता. "योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहू नका. काय कारवाई हवी ते लिहा, म्हणजे ती झाली की नाही हे तपासता येतं.

पोच: इथे घाई करू नका

अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. आवक-जावक टेबलावर एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. शिक्का पुसट उमटला तर तिथेच पुन्हा मारायला सांगायचा. तारीख नसलेला शिक्का कामाचा नाही, कारण पुढची सगळी मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

"साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या" असं उत्तर आलं, तर शांतपणे म्हणायचं, "साहेबांना भेटायचं नाही, फक्त आवकला अर्ज द्यायचाय." तरी घेत नसतील तर वाद घालू नका. सरळ पोस्टात जा आणि स्पीड पोस्टानं पाठवा. पावती जपा, आणि तीन-चार दिवसांनी पोस्टाच्या संकेतस्थळावरून पोहोचल्याची नोंद छापून घ्या. कचेरीचा ई-मेल असेल तर त्यावरही पाठवा. हातात दिलेल्या अर्जाइतकाच हा अर्ज पक्का असतो.

पोच मिळाली की तिची झेरॉक्स काढायची, फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवायचा. मूळ पोच कुठेही द्यायची नाही. कुणी मागितली तर दाखवायची आणि झेरॉक्स द्यायची.

मुदत संपली की काय करायचं

दाखला, परवाना, नोंद अशी ठरावीक सेवा असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हे आपलं पहिलं हत्यार. प्रत्येक कचेरीनं कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कुणाकडे, याचा फलक लावायचा असतो. आधी त्या फलकाचा फोटो काढा. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज भरला की क्रमांक मिळतो; त्या क्रमांकावरून अर्ज कुठे आहे ते बघता येतं.

मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील. तिथेही न्याय मिळाला नाही तर दुसरं अपील, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारणाशिवाय सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही, पण माझा अनुभव असा की पहिलं अपील दाखल झालं की बरीच कामं त्याच आठवड्यात होतात. पहिल्या अपिलाचा मजकूर मी साधारण असा लिहितो:

"मी दि. … रोजी … या सेवेसाठी अर्ज केला (अर्ज क्र. …, पोच जोडली आहे). अधिनियमानुसार या सेवेची मुदत … दिवसांची असून ती दि. … रोजी संपली. मला सेवा मिळालेली नाही, तसेच अर्ज नाकारल्याचे लेखी कारणही कळवलेले नाही. तरी ही सेवा तत्काळ देण्याचा आदेश व्हावा आणि मला सुनावणीची तारीख कळवावी."

जिथे सेवेची मुदत ठरलेली नाही, तिथे माहितीचा अधिकार. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे आणि त्याचं मूळ कलम १९ मध्ये आहे, कारण माहितीच नसेल तर बोलायचं काय? महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा असावा, असा राज्याचा नियम आहे. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. कुणी विचारलं तर कलम ६(२) दाखवा. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे.

लोक चुकतात ते प्रश्न विचारण्यात. "माझं काम का केलं नाही?" याला उत्तर मिळत नाही, कारण ‘का’ हे कागदावर नसतं. कागदावर जे असतं ते मागा: "माझ्या दि. … च्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची तारीखवार माहिती. अर्ज ज्या ज्या अधिकारी-कर्मचाऱ्यांकडे होता त्यांची पदनामे आणि प्रत्येकाकडे तो किती दिवस होता. या प्रकरणातील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती." एवढ्या तीन ओळींनी किती फाइली हलल्या आहेत ते मी पाहिलंय.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. प्रश्न कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कचेरीतल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, २० रुपयांच्या स्टॅम्पवर. तिथूनही काही हाती लागलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. दोषी माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. आयोगाच्या तारखा लांब पडतात, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा आणि तिथेच काम संपवायचा प्रयत्न करा.

पोलिस ठाण्यात

मागे एक कॉलेजची मुलगी आईला घेऊन आली होती. बस स्टँडवर गर्दीत तिच्या पर्समधून अठरा हजारांचा मोबाइल काढून घेतला गेला. ठाण्यात गेल्यावर तिच्याकडून ‘मोबाइल गहाळ झाल्याबाबत’ असा छापील अर्ज भरून घेतला होता. तिला वाटलं, तक्रार झाली. मी तिला तो कागद दाखवून विचारलं, "यात चोरी हा शब्द कुठे आहे?" ती बघतच राहिली. गहाळ म्हणजे हरवलेला. हरवलेल्या वस्तूचा गुन्हा दाखल होत नाही आणि तपासही होत नाही.

म्हणून ठाणे अंमलदारासमोर बसायच्या आधीच आपली फिर्याद घरून लिहून न्या. काय, कधी, कुठे, कुणी, वस्तूची किंमत, आयएमईआय नंबर. किमतीचा उल्लेख महत्त्वाचा, कारण नव्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या साध्या चोरीचा अदखलपात्र वर्ग, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत असा, वेगळा केलाय. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास आणि अटकेच्या पद्धतीचा नवा कायदा, लागू आहे, तिच्या कलम १७३ मध्ये पुढच्या गोष्टी आल्या आहेत. हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे; पण ती चालू आहे असं सांगितलं तर चौकशी कधी सुरू झाली ते लिहून मागा.

घेतच नसतील तर तीच फिर्याद स्पीड पोस्टानं शहरात पोलिस आयुक्तालयाकडे, ग्रामीणला अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही हालचाल नाही झाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोस्टाची पावती तिथे लागते, विसरू नका. त्या मुलीची फिर्याद आम्ही चोरी म्हणून नव्यानं लिहिली, ती पुन्हा ठाण्यात गेली आणि या वेळी तासाभरात एफआयआरची प्रत घेऊन बाहेर आली.

आता उलट बाजू. घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं तर घाबरून आधी ओळखीचा पुढारी शोधला जातो. त्याआधी कलम २२ आठवा. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं पाहिजे. अटक केल्याचं नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं लागतं, अटकेचा पंचनामा करावा लागतो, वैद्यकीय तपासणी करावी लागते. यातलं बरंच काही १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलं आणि आता कायद्यात उतरलंय. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात थेट अटक करण्याऐवजी हजर राहण्याची नोटीस देणं अपेक्षित असतं. ती नोटीस आली तर टाळू नका, दिलेल्या तारखेला जा. अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याशिवाय स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर स्त्रिया, पंधराखालची मुलं, साठीपुढचे पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना तीनदा ठाण्यात बसवून ठेवलं होतं. हे कलम सांगितल्यावर हवालदार स्वतः घरी आले आणि चहा घेऊन जबाब लिहून गेले.

ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये दिलाय. आत मारहाण झाली असेल तर त्या वेळचं चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या; उशीर केला की चित्रण पुसलं जातं.

ऐकून घेतल्याशिवाय नाही

आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाचे पासपोर्ट छापले जातात. पासपोर्टवरूनच एक फार मोठा निकाल झाला. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारनं कारण न सांगता जमा करायला सांगितला. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात न्यायालयानं ठरवलं की माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेणारी पद्धत न्याय्य, वाजवी हवी. नुसता कायदा असून भागत नाही. नोटीस द्या, ऐकून घ्या, कारण लिहा. रोजच्या किती गोष्टी या एका सूत्रावर उभ्या आहेत!

हातगाडीवाल्यांचं बघा. मुंबईच्या पदपथांवरच्या लोकांच्या खटल्यात १९८५ मध्ये उपजीविका ही कलम २१ चाच भाग मानली गेली. पुढे २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. त्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस लागते. माल उचलून नेला तर जप्तीची यादी तिथेच मागायची. दावा केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करायचा असतो. रविवार कारंजाला भाजी विकणाऱ्या बाईंना हे माहीत नव्हतं. तीन दिवसांनी सडलेली कोथिंबीर आणायला जाऊन काय उपयोग? आता त्यांच्या गल्ल्यात माझ्या हातचा कागद घडी घालून ठेवलेला असतो.

घर पाडायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ ला किमान १५ दिवसांची आगाऊ नोटीस सक्तीची केली आहे. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरचं अनधिकृत बांधकाम असेल तर हे संरक्षण मिळत नाही, तेव्हा आपली जागा नेमकी कशात मोडते ते आधी तपासा. महामार्गाला किंवा २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांनी कोलकाता महापालिकेच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२४ चा निकाल वकिलाकडून वाचून घ्यावा. ३००-अ मध्ये नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू आणि योग्य मोबदला हे सगळं येतं, असं त्यात सांगितलंय. हरकतीची मुदत चुकवू नका. तोंडी हरकत कुठेच मोजली जात नाही. कुंभमेळ्यासाठी तोडायच्या ठरलेल्या तपोवनातल्या झाडांसाठी २०२५ च्या अखेरीस शहर उभं राहिलं, तेव्हा घोषणांइतकंच काम लेखी हरकतींचं होतं.

जंगलातली जमीन

६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, चौकातून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला आणि १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. त्यातल्या मोठ्या मागणीचं मूळ २००६ च्या वनहक्क कायद्यात होतं. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. बिगरआदिवासी असेल तर त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा आणि समितीनं लेखी पोच द्यायची असते. पुरावे किमान दोन. कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दाव्याची छाननी पूर्ण होईपर्यंत हटवता येत नाही. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागायची. म्हणून निर्णयाची प्रत ज्या दिवशी हातात येते, त्या दिवसाची तारीख तिच्यावर घालून ठेवा.

शाळा आणि दवाखाना

जन्मदाखला किंवा टीसी नाही म्हणून आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही, देणगी तर नाहीच. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा कमी करणारा राज्याचा फेब्रुवारी २०२४ चा बदल मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केला, त्यामुळे जवळ सरकारी शाळा आहे म्हणून अर्ज बाद होत नाही. तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, मग पैसे आणि पोलिस केस, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ पासून सांगितलंय, आणि ते खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. नाकारलं तर वेळ, डॉक्टरांचं नाव आणि कारण लिहून मागा. बऱ्याचदा लिहायची वेळ आली की दार उघडतं.

वकील परवडत नसेल तर

कलम ३९-अ आणि १९८७ चा विधी सेवा कायदा यामुळे मोफत वकील मिळतो. सगळ्या स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना, औद्योगिक कामगारांना, अपंगांना, कोठडीतल्या माणसांना यात उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. म्हणजे चांगल्या घरातल्या नोकरदार बाईलाही हा हक्क आहे. तिथे जायला कमीपणा वाटून घेऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तालुक्याच्या न्यायालयांत समित्या आहेत आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

सगळे रस्ते संपले तर कलम २२६ खाली उच्च न्यायालय. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो. मोफत वकिलाची सोय तिथल्या विधी सेवा समितीकडेही आहे. पण अशा याचिकेत (तिला रिट याचिका म्हणतात) न्यायाधीश पहिल्यांदा विचारतात, आधी कुठे दाद मागितली होती? त्या वेळी अर्ज, पोच, अपील, निर्णय असा तारखांच्या क्रमानं लावलेला गठ्ठा असला की अर्धं म्हणणं तोच मांडतो.

गेल्या पावसाळ्यात पेठ तालुक्यातल्या एक आजी आल्या होत्या. वनहक्काचा दावा, चार वर्षं जुना. प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यात तळाशी, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, समितीची पोच होती. शिक्का निळा, तारीख स्वच्छ. "माझ्या धन्यानं घेऊन ठेवली होती," त्या म्हणाल्या. धनी दोन वर्षांपूर्वी गेले. दाव्याचं पुढे काय झालं, ते कुणी कळवलंच नव्हतं. मी त्या तारखेवरून माहितीचा अर्ज लिहायला घेतला आणि आजींनी दहा रुपयांचा स्टॅम्प आपल्या हातानं चिकटवला.